शिरढोणचा लष्करी कारकून



पनवेलहून पेणच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा राहिलेला दिसतो. आपल्यापैकी बहुतेक जण तेथे केव्हा ना केव्हा गेले असतील. १९६८ साली तेथे पक्षी अभयारण्य झाले, तेव्हापासून मुंबईकरांचीही वर्दळ वाढली. पण सुळक्याच्या अलीकडे, रस्त्यालगत शिरढोण नावाचे गाव लागते, तेथे उतरणारे थोडे. कर्नाळ्याचे किल्लेदार अनंतराव फडके यांचे घराणे या गावचे. १८१८ साली कर्नल प्रॉथरच्या फौजेने कर्नाळा घेतला आणि किल्लेदारी संपली. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, ४ नोव्हेंबर १८४५ रोजी, याच घरात अनंतरावांचा नातू वासुदेव बळवंत जन्मला.

आद्य क्रांतिकारक म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांच्या पुतळ्याला हार पडतात, १९८४ साली त्यांच्या नावाने टपाल तिकीटही निघाले. मी इतिहासाचा पंडित नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. त्यामुळे मला आज त्या क्रांतिकारकापेक्षा त्या नोकरदार, संसारी माणसाविषयी अधिक बोलायचे आहे. ते पलटणीतले शिपाई नव्हते, पण लष्कराचे नोकर मात्र होते, आणि तेही थोडेथोडके दिवस नव्हे, चौदा-पंधरा वर्षे.

कल्याण, मुंबई, पुणे असे मिळेल तेथे शिक्षण घेऊन त्यांनी आधी जी. आय. पी. रेल्वेत आणि इतरत्र नोकऱ्या केल्या. मग लष्कराच्या रसद-खात्याचे हिशेब तपासणाऱ्या कचेरीत ते लागले आणि १८६५ च्या सुमारास पुण्यास आले. फौजेला लागणारा शिधा, दाणा, चारा यांचे हिशेब ही कचेरी तपासत असे. घरी पत्नी सईबाई होत्या, मथू नावाची मुलगी होती. गावाकडे आई सरस्वतीबाई. सकाळी कचेरी, संध्याकाळी घर, आणि अधूनमधून शिरढोणला जाण्याची ओढ. पगारावर जगणाऱ्या कोणत्याही माणसाचे चालते तसेच त्यांचे चालले होते.

१८७० च्या सुमारास आई आजारी पडल्याची बातमी आली. त्यांनी रजा मागितली. रजा मिळण्यास अडथळे आले, आणि ते घरी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धासाठी त्यांनी पुन्हा अर्ज केला; तीही रजा नाकारली गेली. त्यांनी वरच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार केली, तिचाही उपयोग झाला नाही. चरित्रकार ही हकीकत दोन-चार ओळींत सांगून पुढे जातात, कारण पुढे मोठ्या घटना आहेत. माझे पाऊल मात्र दर वेळी तेथेच अडते. याचे कारण सांगण्यासाठी मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल.

पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात एक तरुण कामगार होता. गावी आई अत्यवस्थ होती. साहेबांनी रजा नाकारली म्हणून तो अर्ज घेऊन माझ्याकडे आला. तो शनिवार होता. मी म्हणालो, "ठेव इथे, सोमवारी बघू." रविवारी त्याची आई गेली. दिवसपाणी उरकून तो परतला, कोणाशी बोलेना. महिन्याभराने क्षुल्लक कारणावरून त्याने साहेबाच्या अंगावर हात टाकला आणि त्याची नोकरी गेली. चौकशीत प्रश्न एवढाच होता की, मारहाण झाली की नाही. रजेचा अर्ज त्या कागदपत्रांत कोठेच नव्हता. तो माझ्या खिशात होता. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची पगारी रजा मिळत असे. तो कायदा मला पाठ होता. पण पाठ असलेला कायदा शनिवारी संध्याकाळी कोणीतरी उठून साहेबाच्या टेबलावर आपटावा लागतो, ते मी केले नाही.

वासुदेव बळवंतांजवळ तर तसा कायदाही नव्हता आणि खिशात अर्ज ठेवणारा कार्यकर्ताही नव्हता. कारकून एकटा, वरची तक्रार एकटी. म्हणून केवळ एका रजेपायी त्यांनी बंड केले, असे मात्र कोणी समजू नये. बंडाला आठ-नऊ वर्षे अवकाश होता आणि त्या वर्षांत ते पुष्कळ काही शिकत होते. गंमत अशी की, ते शिक्षण आज आपण बसलो आहोत तशाच सभांतून चालले होते. न्यायमूर्ती रानडे यांची व्यापारावरील व्याख्याने त्या काळी पुण्यात गाजत होती. देशाचा पैसा बाहेर कसा वाहून जातो आणि इथला कारागीर कसा बसतो, हे रानडे मांडत. त्याच रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. या श्रोत्यांत लष्करी हिशेबखात्याचा हा कारकून होता. लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे तो तालमीचे डावही शिकला. इंदापूरकर आणि भावे यांच्याबरोबर त्याने मुलांच्या शिक्षणाची संस्था उभी केली. तिचाच विस्तार म्हणजे आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी.

मधल्या काळात सईबाई वारल्या. गोपिकाबाईंशी दुसरे लग्न झाले. या पत्नीला त्यांनी लिहा-वाचायला शिकवले, घोड्यावर बसायलाही शिकवले, असे सांगतात. त्या काळच्या ब्राह्मण घरात ही लहान गोष्ट नव्हती.

मग १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. सरकारी खडी-रस्त्याच्या कामांवर माणसे लोटली. सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहाने मजुरी उतरवून दिवसाला पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसा एवढी करण्यात आली. १८७७ च्या आरंभी हजारो मजुरांनी ती घेण्याचे नाकारून कामे सोडली. आमच्या चळवळीच्या इतिहासात या उपाशी माणसांच्या संपाचे नाव फारसे घेतले जात नाही, ते घ्यायला हवे. वासुदेव बळवंतांनी हा दुष्काळी मुलूख हिंडून पाहिला. एका बाजूला फौजेच्या दाण्यापाण्याचे हिशेब, दुसऱ्या बाजूला ही माणसे. दोन्ही पाहणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

फेब्रुवारी १८७९ मध्ये कचेरी सुटली. गोपिकाबाईंना त्यांनी माहेरी पोहोचवले. रामोशी साथीदारांसह २३ फेब्रुवारीला शिरूरजवळच्या धामारी गावावर पहिला छापा पडला. पुढच्या मे महिन्यात त्यांनी सरकारला जाहीरनामा पाठवला. गरिबांना कामे द्या, कर कमी करा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार कापा, अशा त्यातल्या मागण्या होत्या. न ऐकल्यास गव्हर्नर टेंपल यांच्या डोक्यावर इनाम लावण्याची धमकीही होती. धमकी बाजूला ठेवून मी तो वाचतो, तेव्हा मला तो मागण्यांचा खलिता वाटतो. बंड टिकले नाही. दौलतराव नाईक मारले गेले. २० जुलै १८७९ च्या रात्री विजापूरकडच्या देवर नावडगी येथे, तापाने थकून झोपले असता, वासुदेव बळवंत पकडले गेले. पुण्यास खटला चालला, महादेव चिमणाजी आपटे यांनी बचाव केला, आणि जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा होऊन जानेवारी १८८० मध्ये त्यांना एडनला नेले. तेथून एकदा ते खोलीचे दारच उखडून पळाले, पण पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्या तुरुंगातच ते वारले. वय सदतीस.

या शिक्षेची झळ व्याख्यात्यांपर्यंतही पोहोचली. सरकारचा संशय रानड्यांवर गेला आणि त्यांची धुळ्याला बदली झाली. पण सगळ्यांत मोठी शिक्षा गोपिकाबाईंना झाली. त्यांच्यावर खटला झाला नाही, वकील उभा राहिला नाही, आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी काढले. मथूचा बाप गेला. क्रांतीच्या इतिहासात या दोघींना एकेक ओळ मिळते.

आता एक तारीख सांगतो. एडनच्या त्या मृत्यूनंतर दीड वर्षाने, सप्टेंबर १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि आठवड्याची सुटी मागितली. लोखंडे वासुदेव बळवंतांहून तीन वर्षांनी लहान. तेही आधी गिरणीत नोकरदारच होते. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला आणि १८९० च्या जून महिन्यात रविवारची सुटी मिळाली. दोघांची तुलना करून एकाला उणे ठरवावे, असे माझ्या मनात नाही. राज्य परके आहे हे एकाने ओळखले, सह्या एकत्र लागतात हे दुसऱ्याने. पण १८७१ साली पुण्याच्या त्या कचेरीतल्या कारकुनांनी एका सहकाऱ्याच्या अर्जाखाली आपलीही नावे घातली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मला सुटत नाही. बंड कदाचित तरीही झालेच असते. आईचे श्राद्ध मात्र त्यांच्या हातून झाले असते.

म्हणून आपल्याला माझी विनंती अशी. पुढच्या खेपेस कर्नाळ्याला जाल तेव्हा शिरढोणला उतरा, वाडा पाहा आणि किल्लेदाराच्या नातवाबरोबर त्या घरातल्या आईची, दोन्ही सुनांची आणि मथूचीही आठवण करा. आणि आपल्यापैकी ज्यांच्या टेबलावर दुसऱ्यांचे अर्ज येतात, त्यांनी घरच्या आजारपणाचा अर्ज त्याच दिवशी वाचावा. मी पंचवीस वर्षे तेवढे एक व्रत पाळतो आहे. त्या तरुणाची नोकरी त्याने परत आलेली नाही.