ओकच्या लांकडाचें एक शेतघर

इंग्लंडच्या आग्नेयेस केंट परगण्यांत चिडिंगस्टोन नांवाचें गांव आहे. त्या गांवच्या शिवारांत 'बे-लीफ' या नांवाचें एक शेतघर सुमारें साडेपांचशें वर्षें उभें होतें. राजवाडे व किल्ले यांचीं वर्णनें पुष्कळ सांपडतात. परंतु एखाद्या सुखवस्तु शेतकऱ्याचें राहतें घर इतकीं शतकें टिकावें, ही गोष्ट विरळाच.

हें घर टिकण्याचें कारण त्याच्या बांधणींत आहे. त्या प्रांतांत ओकचीं रानें विपुल. सुतार झाड तोडून तें सुकविण्याच्या भरीस पडत नसे. ओलें लांकूड तासावयास सोपें जाई. खांब, तुळया व आडणीं आधीं जमिनीवर जुळवून प्रत्येक सांध्यावर पटाशीनें खुणेच्या रेघा ओढावयाच्या, मग तीं सुटीं करून जागेवर न्यावयाचीं आणि खुणेशीं खूण जुळवून उभीं करावयाचीं, अशी रीत होती. सांध्यांत खिळे नसत. ओकच्याच खुंट्या ठोकीत. पुढें लांकूड सुके तसतसे सांधे आवळत जात व सांगाडा थोडा वांकडाही होई. आज प्रेक्षकांस त्या वांकडेपणाचें मोठें कौतुक वाटतें. सुताराला तें वाटलें असतें कीं नाहीं, कोण जाणे! सगळा भार या सांगाड्यावर असे. मधल्या भिंती म्हणजे केवळ कुड: काठ्यांचें विणकाम व त्यावर माती, गवत आणि शेण यांचा लेप. सर्वांत खालची तुळई दगडी जोत्यावर ठेवीत, म्हणजे ओल वर चढत नसे.

घराच्या मध्यभागीं एक मोठें दालन. त्यावर माळा नाहीं. जमिनीवरून थेट आढ्यापर्यंत दृष्टि जाते. दोन्ही टोकांस दुमजली खोल्या असून त्यांचा वरचा मजला खालच्यापेक्षां थोडा पुढें आलेला, आणि सर्वांवर एकच छप्पर. त्यामुळें समोरून पाहतां मधला भाग आंत गेल्यासारखा दिसतो. दालनाच्या एका अंगास समोरासमोर दोन दारें व त्यांपलीकडे खाण्यापिण्याच्या जिनसांच्या दोन खोल्या. दुसऱ्या अंगास धन्याचें जेवणाचें मेज व त्याच्या मागें कुटुंबाची खाजगी जागा. कोणीं कोठें बसावें, हें घराच्या मांडणीनेंच ठरविलें होतें.

चूल दालनाच्या मधोमध, उघड्या जमिनीवर. धुराडें नव्हतें. धूर वर चढून छपरांतून वाट काढी. खिडक्यांस कांचा नसून लांकडी गज व झडपा होत्या. डोळ्यांना हें सुखाचें नसावें. संशोधकांना मात्र त्या धुराचें मोठेंच साहाय्य झालें. पुढें माळे घालून झांकलेल्या अनेक जुन्या घरांत आढ्याचीं लांकडें काजळीनें काळीं झालेलीं आढळलीं, आणि तेथें एके काळीं उघडें दालन होतें, हें त्यावरून कळलें. लांकडांतील वार्षिक वलयें मोजून 'बे-लीफ'च्या जुन्या भागाचीं झाडें १४०५ ते १४३० च्या दरम्यान तोडलीं असें ठरविण्यांत आलें. खाजगी खोल्यांचा आजचा भाग सोळाव्या शतकाच्या आरंभींचा आहे.

त्याच शतकांत विटांचीं धुराडीं पसरूं लागलीं. १५७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या विल्यम हॅरिसनच्या इंग्लंडवर्णनांत, गांवचे वृद्ध लोक धुराड्यांची वाढलेली संख्या नवलाची म्हणून सांगत, असा उल्लेख आहे. 'बे-लीफ'मध्येंही पुढें धुराडें आलें व दालनावर माळा पडला.

विसाव्या शतकांत बो-बीच येथें पाण्याचा मोठा तलाव करण्याचें ठरलें आणि घरावर संकट आलें. १९६८-६९ सालीं तें उतरवून ससेक्समधील सिंगलटन येथें, रॉय आर्मस्ट्राँग यांच्या खटपटीनें निघालेल्या जुन्या इमारतींच्या संग्रहालयांत नेण्यांत आलें व तेथें पुन्हा उभारलें गेलें. जुळवून उभें केलेलें घर तसेंच उतरवितांही आलें; दगडाविटांच्या घराचें असें इतक्या सहज झालें नसतें.

पण उभारणाऱ्यांपुढें एक प्रश्न होता: घर कोणत्या काळाचें दाखवावें? त्यांनीं सुमारें १५४० हा काळ धरला, नंतरचें धुराडें व माळा वगळला, आणि नष्ट झालेले भाग नव्या ओकनें भरून काढले. उघडें दालन डोळ्यांस दिसावें एवढ्यासाठीं हें केलें, तें उचितच. तथापि त्या धुराड्यापाशीं ज्या पिढ्यांनीं तीनशेंहून अधिक हिंवाळे काढले, त्यांच्या वास्तव्याची खूण त्या घरांत आतां उरलेली नाहीं.