पात्राची उक्ती आणि कुलगुरूंचा अधिकार

विद्यापीठाची स्वायत्तता आणि अध्यापकाचे स्वातंत्र्य या संज्ञा आपल्या चर्चेत बहुधा समानार्थी म्हणून वावरतात. मुंबई आणि दिल्ली विद्यापीठांतील दोन घटना शेजारी ठेवल्या की हा समज टिकत नाही.

रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ (१९९१) ही कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या कला शाखेच्या द्वितीय वर्षाच्या इंग्रजी अभ्यासक्रमात होती. सप्टेंबर २०१० मध्ये शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने तिच्यातील पक्षाविषयीच्या उद्गारांवर आक्षेप घेतला. प्रती जाळण्यात आल्या. कुलगुरू राजन वेळूकर यांनी १९९४च्या महाराष्ट्र विद्यापीठे कायद्यातील कलम १४(७) अन्वये, तातडीच्या प्रसंगासाठी राखलेले अधिकार वापरून पुस्तक वगळले. तातडी म्हणजे वाचायला सवड नाही, असाच याचा अर्थ. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनीही कादंबरीची भाषा आक्षेपार्ह ठरवली. पण कागदोपत्री पाहता निर्णय विद्यापीठाच्याच अधिकाऱ्याचा, विद्यापीठाच्याच कायद्याने घेतलेला होता.

आक्षेपार्ह ठरलेले उद्गार १९७१च्या सुमाराच्या मुंबईत वावरणाऱ्या पात्रांच्या तोंडचे आहेत. पात्राची उक्ती, निवेदकाची दृष्टी आणि लेखकाचे मत यांतील अंतर ओळखणे हा साहित्याच्या वर्गातला प्राथमिक धडा. निदर्शकांनी तो गिरवला नाही याचे नवल नाही. जी संस्था तो शिकवते, तिनेच तो आपल्या अधिकृत आदेशाने पुसला. पुस्तक गेल्यापेक्षा ही हानी मोठी.

दिल्लीत याउलट वाचायला वेळ भरपूर मिळाला. ए. के. रामानुजन यांचा ‘तीनशे रामायणे’ हा निबंध इतिहासाच्या पदवी अभ्यासक्रमात होता. फेब्रुवारी २००८ मध्ये अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी इतिहास विभागात मोडतोड केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, चार तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि तिघांनी निबंध ठेवावा असे मत दिले. तरीही ९ ऑक्टोबर २०११ रोजी विद्वत्परिषदेने तो वगळला. येथे तातडीचे कलम लागले नाही. स्वायत्त परिषदेने रीतसर ठराव केला आणि सर्व विद्याशाखांच्या त्या सभेत इतिहास शिकवणाऱ्यांचा निर्णय अनेकांपैकी एक मत होऊन बसला. काही सदस्यांनी विरोध नोंदवला, इतकेच.

रामानुजन यांनी त्या निबंधात, एक अविचल मूळ संहिता गृहीत धरणारी ‘पाठभेद’ ही कल्पना दूर सारून, प्रत्येक रामायणाला स्वतंत्र ‘कथन’ मानले आहे. समितीतील बहुमताने हे वाचन ग्राह्य धरले होते. परिषदेपुढे मतदान झाले ते निबंध शिकवावा की नाही यावर.