साल फेकू नको

नंदुरबारात पथाऱ्यांवर ओली लाल मिरची पसरली की वारा फिरेल तिकडचं गाव खोकतं. त्याच उन्हात आमच्या घराच्या धाब्यावर आजीची पितळी परात असायची, संत्र्याच्या सालींनी भरलेली. आम्ही पोरं त्यातली ताजी साल पळवायचो आणि पणतीच्या ज्योतीजवळ चिमटीत दाबायचो. तडतड ठिणग्या उडायच्या, हाताला दिवसभर वास राहायचा. आजीला त्या वाया गेलेल्या वासाचं वाईट वाटे. "साल फेकू नको, वास तठेच शे," ती म्हणायची.

आजी शाळेत गेली नव्हती, पण तिचं बोलणं आयुर्वेदाचार्य वाग्भटाशी जुळतं. अष्टांगहृदयात त्याने महाळुंगाची साल, गर आणि केसर यांचे गुण वेगवेगळे सांगितलेत. साल कडू-तिखट आणि स्निग्ध, गर गोड आणि पचायला जड. फळ एक, पण त्यात वेगवेगळे जिन्नस आहेत, ही समज आपल्याकडे इतकी जुनी. महाळुंगात साल जाडजूड आणि गर नावापुरता. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातात आहे ते हेच फळ. रोजच्या कागदी लिंबाचं एक कूळही महाळुंगाचंच, हे अलीकडे जनुकं तपासून सिद्ध झालंय. आणि 'कागदी' हे नाव तरी कशावरून पडलं? सालीवरूनच. रसाला धरून नाव ठेवलं नाही कुणी.

लिंबाच्या सालीचं मराठी घराने सर्वात मोठं काम केलं ते बरणीत. लिंबाच्या चार फोडी, मीठ, ऊन आणि धीर. पहिल्या आठवड्यात साल दाताखाली करकरते आणि कडू लागते. मग ती हळूहळू मऊ पडते, पांढरा थर पारदर्शक होत जातो, रंग तपकिरीकडे झुकतो. महिन्या-दीड महिन्यात कडवटपणा नुसता मागे रेंगाळण्याइतका उरतो. आजारातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव आणायला वर्षभर मुरलेल्या लोणच्याची फोडच लागते, आणि त्या फोडीत रस कधीच मिठात गेलेला असतो. उरते ती साल. किसणीने कडू भाग टाळता येतो. आपल्या बायकांनी तो टाळला नाही, मुरवला. मला हे फार मोठं कसब वाटतं.

आमच्याच जिल्ह्यात याच्या उलट एक विद्या आहे. धडगावकडे आदिवासी घरांत कैरीचा आमचूर करतात, तेव्हा आधी साल काढतात; ती नीट निघाली तर आमचूर पांढरा राहतो आणि भाव मिळतो. कैरीत आंबटपणा गरात असतो, लिंबात वास सालीत. कुठल्या फळाचं काय राखायचं हे या घरांना ठाऊक होतं.

संत्रं त्या मानाने पाहुणं. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादहून ते नागपुरात नेलं असं सांगतात. खानदेशच्या बाजारात ते आलं, पण त्याची साल चुलीपाशी फारशी पोचली नाही. ती वाळली, खलबत्त्यात कुटली गेली आणि नागरमोथा, कचोरा, वाळा यांच्यासोबत दिवाळीच्या उटण्यात गेली. आजीची परात त्यासाठीच होती.

लग्नानंतर मी पहिल्यांदा रव्याच्या केकमध्ये लिंबाची साल घातली, जोर लावून किसलेली. केक कडू झाला. मुलांनी दोन घास खाऊन ताटली सरकवली. दुसऱ्या दिवशी लिंबू उजेडात धरून पाहिलं. वरच्या रंगीत थरात बारीक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या पिशव्या. वास सारा तिथे. त्याखालचा पांढरा थर कडू. कागदी लिंबात रंगीत थर इतका पातळ, की किसणीवर हलक्या हाताने एकदाच ओढायचं आणि लिंबू वळवायचं. त्याच जागी दुसऱ्यांदा ओढलं की पांढरं आलंच. ईडलिंबाची साल जाड, नवशिक्याने हात तिथे बसवावा.

किस उकळत ठेवला तर वास वाफेबरोबर जातो, म्हणून तो वरणात, साबुदाण्याच्या खिचडीत किंवा श्रीखंडात शेवटी घालायचा. साखरेत चोळून ठेवला तर साखरच वास धरते. बाजारातल्या फळावर कधी मेणाचा हात असतो. कोमट पाण्यात चोळून धुवावं, कोरडं पुसावं.

आणि लिंबू अख्खं, घट्ट असतानाच किसा. पिळून झालेल्या लिंबाची साल नीट किसली जात नाही.