वेष्टनावरील काइजू : जपानी राक्षसपटांच्या व्हिडिओ वेष्टनचित्रांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

चित्रपटाचा इतिहास लिहिताना दिग्दर्शक, कथानक, तंत्र आणि प्रेक्षक यांचा विचार केला जातो. परंतु चित्रपट ज्या वेष्टनातून घराघरांत पोहोचला, त्या वेष्टनाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. १९७५ मध्ये सोनी कंपनीने बेटामॅक्स आणि १९७६ मध्ये जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस ही पद्धती बाजारात आणली. तेव्हापासून चित्रपट ही दुकानाच्या फळीवर ठेवता येणारी, हातात घेऊन उलटसुलट पाहता येणारी वस्तू बनली. ग्राहकाला कॅसेटच्या आत काय आहे हे दुकानात दिसत नसे. त्याचा निर्णय बऱ्याच अंशी कव्हरवरील चित्रावर अवलंबून असे. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९८७ मध्ये ग्रंथाचे शीर्षक, मुखपृष्ठ, प्रस्तावना इत्यादी घटकांना संहितेचा 'उंबरठा' मानले. व्हिडिओचे वेष्टनचित्र हा चित्रपटाचा असाच उंबरठा होय. जपानी राक्षसपटांच्या (काइजू चित्रपटांच्या) बाबतीत या उंबरठ्यावर मूळ आशयाचे काय झाले, याचा शोध घेणे हे प्रस्तुत शोधनिबंधाचे उद्दिष्ट आहे.

मूळ चित्रपट आणि त्याचा आशय :

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. त्या चाचणीच्या किरणोत्सारी राखेची झळ 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी नौकेला बसली. नौकेवर २३ खलाशी होते. त्यांपैकी बिनतारी संदेशचालक आइकिची कुबोयामा यांचा २३ सप्टेंबर १९५४ रोजी मृत्यू झाला. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, ३ नोव्हेंबर १९५४ रोजी, तोहो कंपनीचा 'गोजिरा' प्रदर्शित झाला. तोमोयुकी तानाका (निर्माता), इशिरो होंडा (दिग्दर्शक), एइजी त्सुबुराया (विशेष दृश्यपरिणाम) आणि आकिरा इफुकुबे (संगीत) ही त्यामागील प्रमुख मंडळी होती. अणुचाचण्यांमुळे खवळलेला प्राणी टोकियो बेचिराख करतो, हे कथानक ताज्या जखमेवरच बोट ठेवणारे होते.

१९५६ मध्ये अमेरिकी वितरकांनी रेमंड बर या नटाची नवी दृश्ये घालून या चित्रपटाची वेगळी आवृत्ती काढली. मूळ चित्रपट ९६ मिनिटांचा, तर ही आवृत्ती सुमारे ८० मिनिटांची होती. आगगाडीतील प्रवासी नागासाकीचा आणि किरणोत्सारी माशांचा उल्लेख करतात, तो संवाद अमेरिकी आवृत्तीत उरला नाही. अमेरिकेतील व्हिडिओ बाजाराला वारसा म्हणून मिळाली ती मुख्यतः हीच आवृत्ती.

वेष्टन आणि विपर्यास :

वेष्टनचित्राने आशयावर केलेला परिणाम तीन प्रकारांनी स्पष्ट करता येतो. पहिला प्रकार रंगाचा. १९५४ चा चित्रपट कृष्णधवल आहे आणि पुढील रंगीत चित्रपटांतही गोजिराचा पोशाख दीर्घकाळ कोळशासारखा गडद राखाडी होता. अमेरिकेत मात्र १९७८ ची व्यंगचित्रमालिका आणि खेळणी यांमुळे हिरवा गोजिरा रूढ झाला व प्रसिद्धिचित्रांतही तो अवतरला. भाजलेल्या कातडीची आठवण करून देणारा काळवंडलेला देह हिरवा होताच मुलांच्या करमणुकीचा सरडा ठरतो.

दुसरा प्रकार स्थळाचा. 'गोजिरा विरुद्ध मेगालोन' (१९७३) या चित्रपटात अणुचाचण्यांनी हानी झालेले समुद्रतळाचे राज्य सूड म्हणून मेगालोन या राक्षसाला भूपृष्ठावर पाठवते. त्याच्या १९७६ मधील अमेरिकी भित्तिचित्रावर मात्र दोन्ही राक्षस न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यांवर उभे दिसतात. चित्रपटात न्यूयॉर्क कोठेही नाही. त्याच वर्षी आलेल्या नव्या 'किंग काँग'च्या प्रसिद्धीचा लाभ घेण्याचा हा प्रयत्न होता. पुढे या चित्रपटावर कोणाचा हक्क उरलेला नाही अशा चुकीच्या समजातून अनेक लहान कंपन्यांनी त्याच्या स्वस्त कॅसेट काढल्या आणि प्रत्येकीने आपापले कव्हर लावले. अणुचाचणीचा संदर्भ दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचलाच नाही.

तिसरा प्रकार नावाचा. 'काइजू सोशिनगेकी' (१९६८) हा चित्रपट पश्चिम जर्मनीत 'फ्रँकेनस्टाइन आणि अंतराळातील राक्षस' अशा अर्थाच्या नावाने प्रसृत झाला. कथानकात फ्रँकेनस्टाइन नाही. परिचित नावाखाली अपरिचित वस्तू विकण्याची ही व्यापारी रीत होती.

जपानमधील चित्रपरंपरा :

जपानमध्ये याच काळात वेगळी परंपरा विकसित झाली. नोरियोशी ओहराई (१९३५–२०१५) यांनी १९८४ च्या 'गोजिरा'पासून १९९५ पर्यंतच्या मालिकेची आणि पुढे २००४ च्या 'फायनल वॉर्स'ची भित्तिचित्रे रंगविली. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) या अमेरिकी चित्रपटाचे आंतरराष्ट्रीय भित्तिचित्रही त्यांचेच. युजी काइदा (जन्म १९५३) यांनी प्लास्टिक प्रतिकृतींच्या खोक्यांवर व लेझरडिस्कच्या वेष्टनांवर राक्षस रंगविले. जपानमध्ये त्यांना 'काइजू-चित्रकार' म्हणूनच ओळखले जाते.

येथे माध्यमाच्या आकाराचाही विचार करावा लागतो. लेझरडिस्कचा व्यास ३० सेंटिमीटर असल्याने तिचे वेष्टन ग्रामोफोन तबकडीच्या वेष्टनाएवढे असे. चित्रकाराला तेथे पुरेसा अवकाश मिळे. व्हीएचएस कॅसेट जेमतेम १९ सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद. अशा अरुंद उभ्या चौकटीत कोसळणारे शहर आणि पळणारी माणसे वगळून केवळ राक्षस ठेवणे सोयीचे होते. आशयाचा संकोच काही अंशी आकारामुळेही झाला.

पुनर्मूल्यांकनाचा काळ :

पन्नास वर्षांनी, २००४ मध्ये, अमेरिकेतील चित्रपटगृहांत मूळ जपानी आवृत्ती व्यापक प्रमाणावर दाखविण्यात आली. २००६ मध्ये दोन्ही आवृत्त्यांची डीव्हीडी निघाली, तेव्हा तिच्या कव्हरवर 'गोजिरा' हे मूळ जपानी नाव होते. २०१२ मध्ये क्रायटेरियन कंपनीने बिल सिएनकेविच यांचे मुखचित्र असलेली आवृत्ती काढली. २०१९ मध्ये याच कंपनीने आपल्या मालिकेतील १००० वा क्रमांक १९५४ ते १९७५ या काळातील १५ गोजिरापटांच्या संचाला दिला. मोठ्या पुस्तकाच्या रूपातील या संचासाठी युको शिमिझू, कात्सुया तेरादा आदी अनेक चित्रकारांनी नवी चित्रे काढली. २०२० मध्ये आलेल्या ॲरो कंपनीच्या 'गामेरा' संचासाठी मॅट फ्रँक यांनी चित्रे काढली. एकेकाळी स्वस्त कॅसेटच्या ढिगात पडणारा चित्रपट अशा रीतीने ग्रंथसंग्रहाच्या प्रतिष्ठेला पोहोचला. तथापि, या महागड्या संचांचा ग्राहक हा प्रामुख्याने संग्राहक आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

निष्कर्ष :

१. वेष्टनचित्र हे चित्रपटाच्या स्वीकाराचा इतिहास सांगणारे दुय्यम, परंतु विश्वसनीय साधन आहे. विक्रेत्याला ग्राहकाविषयी काय वाटत होते, हे त्यातून कळते. ग्राहकाने प्रत्यक्षात काय अनुभवले, हे मात्र केवळ त्यावरून ठरविता येत नाही.

२. रंग, स्थळ आणि नाव यांतील बदलांमुळे अणुसंहाराच्या स्मृतीतून जन्मलेला राक्षस निव्वळ करमणुकीची वस्तू म्हणून परदेशी घरांत पोहोचला.

३. २००४ नंतर मूळ आवृत्ती, मूळ नाव आणि चित्रकाराची कला यांना मान मिळाल्याने ही हानी अंशतः भरून निघाली.

कॅसेट वाजविणारी यंत्रे बनविणे २०१६ मध्ये जपानी कंपनी फुनाईनेही थांबविले. ग्रंथालयांत चित्रपट जतन होतात, पण त्यांची कव्हरे बहुधा टाकून दिली जातात. कुबोयामा यांच्या मृत्यूची छाया असलेला चित्रपट जगाने दीर्घकाळ कोणत्या रूपात पाहिला, याचा पुरावा त्या रंगीत पुठ्ठ्यांवरच आहे. म्हणून चित्रपटांबरोबर त्यांच्या वेष्टनांचेही जतन होणे अगत्याचे आहे.