घराचा पोत : प्रस्तावना

सह्याद्रीच्या उतारांवर कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि वाळून जाते. तिच्या सरळ, बोटभर जाडीच्या काठ्यांपासून डहाणू-जव्हारकडच्या पाड्यांवर कुडाची भिंत उभी राहते. काठ्या एकमेकींना लागून उभ्या लावायच्या, आडव्या कामट्यांनी आवळायच्या आणि त्यावर माती, शेण, पेंढ्याचे बारीक तुकडे कालवून दोन्ही अंगांनी लिंपायचे. भिंत वाळली की आतल्या काठ्यांचे उंचवटे वरून अंधुकसे जाणवतात. लिंपणाऱ्या हाताच्या अर्धगोल फेऱ्याही तशाच राहतात. त्यावर गेरू फिरतो आणि गेरूवर तांदळाच्या पिठाची वारली चित्रे येतात. चित्राची रेघ किंचित थरथरल्यासारखी दिसते, त्यात हाताइतकाच खालच्या भिंतीचाही वाटा असतो.

या भिंतीला कुणी मुद्दाम पोत दिलेला नाही. बांधण्याची रीत हाच तिचा पोत आहे. शहरातल्या आजच्या सदनिकेत आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो. भिंत गुळगुळीत करायची, पुट्टी आणि लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, फरशी आरशासारखी बसवायची आणि सगळे संपल्यावर दिवाणखान्याच्या एका भिंतीवर ‘टेक्श्चर’ काढून घ्यायचे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला माझे पहिले सांगणे हेच, की पोत हा सजावटीच्या यादीतला शेवटचा मुद्दा म्हणून शिकता येत नाही. भिंत कशाची, तिच्यावर उजेड कुठून पडतो, तिला कोण आणि किती वेळा हात लावते, ती साफ कोण करते, या प्रश्नांबरोबरच तो ठरतो. त्यामुळे या विषयात वास्तुशास्त्र येते, मानसशास्त्र येते, गवंडीकाम येते आणि रोजचे घरकामही येते.

सुरुवात बोटांपासून करू. जर्मन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड काट्झ यांनी १९२५ साली स्पर्शाच्या जगावर एक मोठा ग्रंथ लिहिला. वेगवेगळ्या खरखरीतपणाचे कागद लोकांच्या हाताखाली ठेवून त्यांनी पाहिले, की हात स्थिर असला तर बारीक पोतातला फरक जवळजवळ कळेनासा होतो आणि हात सरकू लागला की लगेच कळतो. बारीक पोत बोटाला कंपनांतून समजतो, हे त्यांचे म्हणणे पुढच्या प्रयोगांनी उचलून धरले. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले, की सरकत्या बोटाला अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्यांचा पृष्ठभाग आणि सपाट पृष्ठभाग यांतला फरक ओळखता येतो. डोळ्याला इतके बारीक काही दिसूच शकत नाही.

घरासाठी याचा अर्थ सरळ आहे. हात जिथे सरकतो तिथे पोताला किंमत आहे: जिन्याचा कठडा, खुर्चीचे हात, दाराची चौकट, ओट्याची कड, अंगावर ओढायची गोधडी. पाय तर दिवसभर सरकतच असतात. सोफ्यामागच्या, कुणाचाही हात न पोहोचणाऱ्या भिंतीवर हजारो रुपये घालवायचे आणि कठडा मात्र गार, निसरड्या स्टीलच्या नळीचा ठेवायचा, ही मला आजच्या सजावटीतली सर्वांत मोठी उधळपट्टी वाटते. गारव्याचेही एक शास्त्र आहे. एकाच खोलीतले लाकूड आणि कडप्पा एकाच तापमानाला असतात. दगड हाताची उष्णता भराभर ओढून घेतो म्हणून गार लागतो, लाकूड हळू ओढते म्हणून उबदार लागते. उन्हाळ्यात दुपारी माणसे शहाबादी फरशीवर अंग टाकतात ते याच कारणाने.

ज्या पोताला हात लागत नाही तो उजेडाच्या आधाराने जगतो. भिंतीला घासून जाणारा तिरपा उजेड प्रत्येक कणामागे बारीक सावली पाडतो, समोरून येणारा उजेड ती पुसून टाकतो. रंगारी हे उत्तम जाणतात. लांबी भरल्यावर ते दिवा भिंतीला चिकटवून धरतात आणि खळगे शोधतात. दोष शोधायला वापरतात तोच दिवा पोत दाखवायलाही वापरता येतो. छताच्या मध्यावर एकच पांढरा दिवा असेल तर सर्वांत सुंदर हातगिलावासुद्धा कागदासारखा सपाट दिसतो. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी शिंपल्याच्या पातळ चकत्या बसवलेल्या दिसतात. त्यांतून गाळून आलेला उजेड मऊ आणि पसरट असतो, त्यात धारदार सावल्या पडत नाहीत. अशा खोलीत भिंतीपेक्षा कोरीव लाकूडकाम आणि वेताचे विणकाम उठून दिसते.

पोताचा विचार करणाऱ्यांची परंपरा जुनी आहे आणि तिची ओळख करून घेण्यात मोठा आनंद आहे. गॉटफ्रीड झेम्पर या जर्मन वास्तुविशारदाने १८५१ साली मांडले, की भिंतीचा उगम दगडविटांत नसून विणकामात आहे. माणसाने आधी फांद्यांचे कुंपण विणले, चटया टांगल्या आणि भक्कम भिंत त्यांना आधार द्यायला पुढे आली. त्याच वर्षी लंडनच्या महाप्रदर्शनात त्रिनिदादच्या एका झोपडीची प्रतिकृती त्याला पाहायला मिळाली आणि आपल्या म्हणण्याचा पुरावाच त्याला तिच्यात दिसला. कारवीचा कूड त्याने पाहिला असता तर त्यावर एक प्रकरण नक्की लिहिले असते. व्हिएन्नातल्या आडोल्फ लोसने १९०३ साली पत्नी लीनासाठी शयनगृह सजवले. भिंतींभोवती पांढरे पडदे, जमिनीवर आणि पलंगाच्या बैठकीवर पांढरी लांब केसांची लोकर. रंग एकच. खोलीतला सगळा फरक पोताने केला. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत विद्यार्थ्यांकडून स्पर्शाचे तक्ते बनवून घेत, त्यात सँडपेपरपासून मखमलीपर्यंत काय वाटेल ते असे. तिथेच शिकलेल्या आनी आल्बर्स यांनी १९६५ साली विणकामावर लिहिलेले पुस्तक आजही या अभ्यासाचा पाया मानावे असे आहे. जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांनी १९३३ साली अंधारलेल्या खोल्या, लाखेची भांडी आणि कागदी सरकदारे यांच्यावर लिहिले. चकाकी आणि मंद झळाळी यांतला फरक त्यांच्याइतका बारकाईने क्वचितच कुणी सांगितला असेल.

आपल्याकडचा सगळ्यात समृद्ध आणि सगळ्यात वेगाने हरवत चाललेला धडा चुन्याचा आहे. चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना पाण्यात विझवायचा, तो मुरू द्यायचा, मग वाळूबरोबर बैलाच्या घाणीत मळायचा. त्यात गूळ, हिरड्याचे पाणी असे काही काही पडे. वाड्यांच्या भिंतींवर या गिलाव्याचा जाड थर आणि सर्वांत वर नीरूचा, म्हणजे गाळलेल्या चुन्याचा, पातळ हात असे, तो घोटून घोटून तुकतुकीत करत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो, म्हणून त्याला घाई चालत नाही. घोटलेला नीरू गुळगुळीत असतो, पण प्लास्टिक पेंटसारखा मुका नसतो. उजेड त्याच्यात थोडा आत शिरून परततो. शिवाय तो ओल बाहेर सोडतो. अशा भिंतीवर पाणी न सोडणारा रंग मारला की ओल आत कोंडते आणि दोनचार पावसाळ्यांत पोपडे सुटतात. मग दोष चुन्याच्या माथी येतो. जुने घर नव्याने सजवू पाहणाऱ्याने निदान एवढे ध्यानात ठेवावे, की तिथे पोत हा भिंतीच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

आवाजाबद्दल थोडक्यात. व्हिट्रिफाइड फरशी, काच आणि सपाट पीओपी यांच्या खोलीत बोलणे घुमते, कारण आवाज शोषणारे तिथे काहीच नसते. जाड पडदा, सतरंजी, भिंतीवर टांगलेले घोंगडे, खालीवर लावलेल्या पुस्तकांचे कपाट यांनी ती खोली शांत होते. म्हाताऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसांना हा फरक सर्वांत आधी कळतो.

पोताला विरोध होतो तो बहुधा झाडूपोछा करणाऱ्या माणसाकडून आणि तो विरोध रास्त आहे. खरबरीत भिंतीवर धूळ बसते, स्वयंपाकघरात तेलाचा थर धरतो, कोकणाच्या दमट हवेत खाचांतून बुरशी येते. नुसत्या छायाचित्रासाठी सजवलेल्या घरात ही मेहनत कुणीतरी, बहुतेक वेळा घरातली किंवा कामाला येणारी बाई, निमूट करत असते. म्हणून ओट्यामागे गुळगुळीत टाइलच बरी. न्हाणीघरात मात्र उलटे: तिथे खरखरीत कोटा किंवा टाकी लावलेली शहाबादी हवी, कारण ओल्या चकचकीत फरशीवर पाय घसरतो. पाट्या-वरवंट्याला दर काही काळाने टाकी लावून घेण्याची आपली रीत होती, कारण घासून गुळगुळीत झालेला पाटा वाटत नाही. पोत झिजतो आणि तो पुन्हा आणावा लागतो, हे त्या घरांना ठाऊक होते. सजावटीचे अंदाजपत्रक मांडताना हा पुढचा खर्च आणि पुढचे श्रम आज क्वचितच मांडले जातात. या क्षेत्राच्या नव्या अभ्यासकांनी तो हिशेब मांडायला शिकावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

यापुढे वाचायला घेण्याआधी एक काम करून पाहावे. घरात एखाद्या भिंतीचे काम निघणार असेल तर रंगपट्टी पाहून पसंती देऊ नका. मिस्त्रीला दोन फूट लांब-रुंद नमुना त्याच भिंतीवर करायला सांगा. सकाळी, दुपारी आणि दिवा लागल्यावर तो पाहा, डोळे मिटून त्यावरून हात फिरवा, ओल्या फडक्याने एकदा पुसूनही बघा. पसंत पडला तर मिश्रणाचे प्रमाण वहीत लिहून ठेवायला विसरू नका. पाच वर्षांनी डागडुजीच्या वेळी तोच पोत पुन्हा हवा असेल, तर ते प्रमाण लागतेच.