घडीव तोफ आणि ओतीव तोफ

शस्त्राचा नवा प्रकार निघाला की जुना आपोआप हीन ठरतो, असा एक समज सर्वसाधारणपणे रूढ आहे. बीदर आणि गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) येथील किल्ल्यांच्या बुरुजांवर आजही ज्या लांबलचक तोफा पडून आहेत, त्यांच्याकडे डोळसपणे पाहिले तर हा समज कितपत खरा आहे याचा विचार करणे भाग पडते. या तोफा ओतलेल्या नव्हेत. त्या लोहाराच्या ऐरणीवर घडविलेल्या आहेत. आणि ओतीव तोफेची विद्या दक्षिणेत पोहोचल्यानंतरही ही जुनी घडण येथे टिकून राहिली. ती का टिकली, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

बहमनी राज्य १३४७ साली स्थापन झाले व गुलबर्गा ही त्याची राजधानी झाली. पुढे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहाने ती बीदरला हलविली. पहिल्या मुहम्मदशहाने चौदाव्या शतकातच तोफखाना उभारला, असे फिरिश्ता लिहितो. परंतु फिरिश्त्याचा ग्रंथ त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी सिद्ध झालेला असल्यामुळे आधुनिक संशोधक त्या विधानाकडे साशंकतेने पाहतात. महमूद गावानने १४७२ च्या सुमारास बेळगावच्या वेढ्यात दारूचे सुरुंग लावले, हा उल्लेख मात्र अधिक भरवशाचा आहे. तेथून पुढे दक्षिणेतील किल्ल्यांचे रूपच पालटू लागले. तटाची उंची हेच एके काळी बळ मानले जाई. आता तोफ फिरविता येईल असे रुंद, भक्कम बुरूज बांधणे आवश्यक झाले.

घडीव तोफेची रचना समजावयास कठीण नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांप्रमाणे एकीला एक लावून नळी तयार करावयाची. नंतर लोखंडी कडी लाल तापवून त्या नळीवर एकापुढे एक चढवावयाची. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवितो, तोच हा न्याय. कडे थंड होताच आवळते आणि आतील पट्ट्यांना घट्ट कवळून धरते. अशा कड्यांचे एकावर एक थर चढले म्हणजे तोफ सिद्ध होते. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम् यांनी भारतातील अशा तोफांचा विस्तृत अभ्यास करून या लोहारांच्या कौशल्याची थोरवी जगापुढे मांडली.

गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील ‘बारा गझी तोफ’ सुमारे २९ फूट लांब असल्याचे सांगतात. एवढी लांबी कशासाठी? जत्रेत फुगे फोडावयाच्या हवेच्या बंदुकीचे उदाहरण घ्यावे. दाबलेली हवा नळीत छर्‍याला मागून रेटते आणि हा रेटा जोवर घर्षणाहून अधिक असतो तोवर छर्‍याचा वेग वाढत जातो. तोफेत हवेच्या जागी दारूचा तप्त वायू असतो, एवढाच भेद. नळी लांब असेल तर गोळ्याला हा रेटा अधिक काळ मिळतो. मात्र यालाही मर्यादा आहे. वायू पसरून त्याचा जोर ओसरल्यावर उरलेली लांबी केवळ भार होऊन बसते.

आता ओतीव तोफेकडे वळू. तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे विजापूरची मुलूख-ए-मैदान. मुहम्मद नावाच्या रूमी उस्तादाने १५४९ साली अहमदनगर येथे ती ओतली. तिची लांबी अवघी सव्वाचौदा फूट, परंतु तोंड सव्वादोन फुटांहून रुंद आणि वजन सुमारे ५५ टन. हत्तीची तुला करणारा म्हणून तुळापूरच्या कथेमुळे मराठी वाचकांस परिचित असलेला मुरार जगदेव याने १६३२ साली ती परांड्याहून विजापुरास नेली.

पंचरसी तोफेला सांधा नसतो. म्हणून वायू निसटण्याचे वा पट्टी उसवण्याचे भय तिच्यात नाही. परंतु तिला तांबे व कथील विपुल लागते, आणि कथील दक्षिणेत मिळत नाही; ते समुद्रापलीकडून आणावे लागे. लोखंड मात्र देशातच होते आणि ते घडविणारे हातही गावोगाव होते. नव्या प्रकाराला परकी धातू हवा होता. जुना घरच्या सामग्रीवर उभा राहू शकत होता. घडणीच्या या विद्येची पारख परक्यांनाही होती. १५१० साली गोवा जिंकल्यावर तेथील बंदूक घडविणारे कारागीर आल्बुकेर्कने आपल्या कामी लावले आणि त्यांच्या बंदुका युरोपातील उत्तम बंदुकांच्या तोडीच्या असल्याचे आपल्या राजाला कळविले.

तथापि, घडीव श्रेष्ठ की ओतीव, या प्रश्नाचे अखेरचे उत्तर बीदरच्याच इतिहासाने दिले आहे. मार्च १६५७ मध्ये औरंगजेबाने बीदरला वेढा घातला. किल्ल्याभोवती खडकात खोदलेला तिहेरी खंदक होता आणि किल्लेदार सिद्दी मर्जान अनुभवी होता. पण एका हल्ल्यात बुरुजामागील दारूच्या साठ्यावर ठिणगी पडली. स्फोटात मर्जान आपल्या पुत्रांसह होरपळला, आणि २७ दिवसांत किल्ला पडला. विजेत्यांच्या हाती २३० तोफा लागल्या! त्याच वर्षी कल्याणीचा किल्ला मात्र सुमारे तीन महिने झुंजला. तोफांची संख्या वा त्यांची घडण यांवर किल्ल्याचे आयुष्य ठरत नाही, हे यावरून उघड होते. ज्या महमूद गावानने दक्षिणेत दारूचे सुरुंग लावले, त्याने बीदरमध्ये बांधलेला भव्य मदरसाही सतराव्या शतकाच्या अखेरीस साठविलेल्या दारूच्या स्फोटात अर्धा उद्ध्वस्त झाला. याहून बोलका दाखला कोणता हवा?

काळाने दोन्ही तोफांना सारखेच वागविले. मुलूख-ए-मैदान १८५४ साली लिलावात निघाली तेव्हा तिला दीडशे रुपयांची बोली आली; सुदैवाने ती विक्री रद्द झाली. ओतीव तोफांचा धातू मोलाचा, म्हणून कित्येक वितळविल्या गेल्या. घडीव तोफांना वितळविण्याचा मोह कोणाला झाला नाही. त्यांचा वैरी गंज आहे. जगातील सर्वांत लांब तोफ कोणती, या वादात आपला उत्साह खर्ची पडतो, आणि पावसात उघड्या पडलेल्या लोखंडाकडे दुर्लक्ष होते. ही विद्या पोथीत उतरलेली नाही. तिचा एकमेव ग्रंथ म्हणजे या तोफाच; त्यांची कडी व पट्ट्या हीच त्याची पाने.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर मुंबई राज्यात गेले, बीदर म्हैसूर राज्यात आले. परंतु या लोखंडाचा वारसा मराठी, कानडी व कोकणी या तिन्ही भाषांच्या लोकांचा सामाईक आहे. खंडेनवमीला आपण शस्त्रे व अवजारे पुजतो. ती पूजा संहाराची नसून हाताने केलेल्या कामाची असते. बुरुजावरच्या या तोफा आता कोणावर डागावयाच्या नाहीत. त्यांना तेलपाणी करणे, डोक्यावर छप्पर देणे आणि त्यांच्यावरील प्रत्येक कड्याची नोंद ठेवणे, एवढी पूजा त्यांच्या अनामिक घडविणार्‍यांच्या नावे आपल्या पिढीकडून व्हावयास हवी.