गर्भाशयमुखातील सैनिक पेशी : एका छोट्या ब्रशचा इतिहास

लग्न ठरले की मुला-मुलीची एचआयव्ही तपासणी करायची, हा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचा नियम तुम्ही ऐकला असेल. त्या तपासणीत रक्त घेतात. पण शरीरसंबंधातून हा विषाणू स्त्रीच्या शरीरात शिरतो तो योनी आणि गर्भाशयमुखाच्या अस्तरातून. तिथे पहारा देणाऱ्या सीडी-४ पेशींनाच तो आधी गाठतो. या पहारेकऱ्यांची खबर रक्तातून पूर्ण मिळत नाही. त्यासाठी पेशी तिथूनच घ्याव्या लागतात.

ही वाट जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये डॉ. पापानिकोलाऊ यांनी योनीतील स्राव काचपट्टीवर पसरून कर्करोगाच्या पेशी ओळखल्या. त्यांच्या पत्नी मेरी यांनी वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने दिले. डॉ. ट्राउट यांच्यासोबतचा त्यांचा ग्रंथ १९४३ साली आला. १९४७ मध्ये कॅनडाच्या डॉ. आयर यांनी लाकडी चपटी पट्टी वापरून थेट गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून घेतल्या. पुढे मऊ ब्रश आला.

प्रतिकारपेशींसाठीही हाच ब्रश मुखात घालून हळुवार फिरवतात. पण इथे पेशी जिवंत हव्यात. म्हणून ब्रश पोषक द्रवात, बर्फावर ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत पोचवतात. तिथे फ्लो सायटोमीटर त्या मोजतो. नमुन्यात रक्त मिसळले तर पेशी कुठल्या, हेच कळत नाही.

ही झाली संशोधनाची बाब. तुम्हाला ती तपासणी करून घ्यायची गरज नाही. तुम्हाला गरज आहे ती कर्करोगाच्या तपासणीची, आणि तिचा मोठा पुरावा आपल्याच मराठवाड्यातला आहे. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ मध्ये आले. एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीचीच आरोग्यसेवा मिळालेल्या, जवळपास तेवढ्याच गटात ६४. त्या दुसऱ्या गटातल्या बायकांचे काय, हा प्रश्न नंतर विचारला गेला, आणि तो रास्तच होता.

त्यांचे ऋण आपल्यावर आहे. म्हणून तिशी ओलांडलेल्या माझ्या भगिनींनो, लाज बाजूला ठेवा. तपासणी काही मिनिटांची असते. थोडे अवघडल्यासारखे होते, एवढेच. आणि पुरुष वाचकांनो, घरी हा विषय तुम्हीच काढा.